मिस्सेची भाषा

११ फेब्रुवारी २०१३ रोजी सकाळी व्हॅटिकनमध्ये कार्डिनलांची एक बैठक भरली होती. संतपद द्यावयाच्या काही नावांना संमती द्यायची, एवढेच कामकाज. ते आटोपले आणि पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी हातातल्या कागदावरून लॅटिनमध्ये काही वाक्ये वाचायला सुरुवात केली. पत्रकारांच्या कक्षात पडद्यावर हे दिसत होते. तिथे बसलेल्या जिओव्हान्ना किर्री या इटालियन वृत्तसंस्थेच्या बातमीदार बाईंना लॅटिन येत होती. पोप राजीनामा देत आहेत हे त्यांच्या ध्यानात आले आणि काही मिनिटांत ती बातमी जगभर गेली. जवळजवळ सहाशे वर्षांत कोणा पोपने पद सोडले नव्हते. एवढी मोठी गोष्ट बाहेर पडली ती अशा भाषेतून, जी आज जगातल्या कोणत्याच मुलाला आईकडून मिळत नाही.

ही भाषा कॅथलिक पंथाच्या उपासनेत आली कशी, टिकली कशी आणि गेली कशी, याविषयी आज बोलायचे आहे. सर्वसाधारण समज असा, की लोकांना कळू नये म्हणून पुरोहितांनी ती धरून ठेवली. पण इतिहास चाळू लागलो की पहिल्याच पानावर अडखळायला होते. कारण लॅटिन चर्चमध्ये शिरली ती लोकांना कळावे म्हणून!

येशूची बोली ॲरेमाइक. त्याच्या शिष्यांचा पंथ भूमध्य समुद्राच्या काठाने पसरला तो ग्रीक भाषेतून. संत पॉलने खुद्द रोमच्या मंडळीला पत्र लिहिले तेही ग्रीकमध्ये. याचे आश्चर्य वाटायला नको. रोममधले पहिले ख्रिस्ती लोक बरेचसे पूर्वेकडून आलेले गुलाम, कारागीर, व्यापारी होते. त्यांची व्यवहाराची भाषा ग्रीक. त्यामुळे पहिली दोनशे-अडीचशे वर्षे रोम शहरातली उपासना प्रामुख्याने ग्रीकमध्येच चालली. ख्रिस्ती लॅटिन आधी रुळली ती समुद्रापलीकडे, उत्तर आफ्रिकेत, आजच्या ट्युनिशियाच्या बाजूला. पुढे रोममध्ये ग्रीक समजणारे उरले नाहीत आणि चौथ्या शतकात, पोप दमासस (३६६ ते ३८४) यांच्या काळाच्या आसपास, मिस्सेची मुख्य प्रार्थना लॅटिन झाली. शुभवर्तमानांचे लॅटिन भाषांतर सुधारण्याचे काम जेरोम या पंडिताकडे सोपवले तेही याच दमासस यांनी, ३८२ साली.

अर्थात ही लॅटिन काही भाजीबाजारातली नव्हती. रोमच्या कोर्टकचेऱ्यांची, सरकारी दस्तऐवजांची ऐट तिच्यात होती. एका गोष्टीसाठी एकाच अर्थाचे दोन-तीन शब्द ओळीने घालायचे, वाक्य लयीत तोलून संपवायचे, अशी तिची तऱ्हा. पण ऐकणाऱ्याला ती कळत होती. आणि जुनी भाषा गेली तरी तिची काही लेणी मागे राहिलीच. ‘किरिए एलेइसोन’, म्हणजे ‘प्रभू, दया कर’, ही ग्रीक विनवणी लॅटिन मिस्सेत जशीच्या तशी राहिली. आमेन, हालेलुया, होसान्ना हे तर त्याहून जुने हिब्रू वळणाचे शब्द. भाषा बदलणारी माणसेही सगळे बदलत नाहीत.

मग घडले ते असे. लॅटिन उपासनेत जागच्या जागी राहिली आणि लोक पुढे चालत गेले. त्यांच्या तोंडी तीच लॅटिन झिजत झिजत फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज झाली. ८१३ साली फ्रान्समधल्या तूर येथे धर्मसभा भरली. तिने ठरवले की प्रवचन लोकांच्या बोलीत, म्हणजे गावठी रोमन बोलीत किंवा जर्मन बोलीत करावे, म्हणजे सर्वांना समजेल. लोकांना आता लॅटिन कळत नाही, याची ही कबुलीच म्हणायची. परंतु त्या धर्मसभेने बदलले ते प्रवचन. मिस्सा तशीच राहिली.

त्या सुमारास मिस्सेची मध्यवर्ती प्रार्थना पुरोहित हलक्या आवाजात म्हणू लागले होते. पुढे तेराव्या शतकापासून पवित्र भाकर डोक्यावर उंच धरण्याची रीत पसरली. त्या क्षणी घंटा वाजे, लोक माना वर करून पाहत, गुडघे टेकत. आपल्याकडे लग्नात भटजींची मंगलाष्टके सगळ्यांना कळतात असे नाही, पण ‘सावधान’ म्हटले की अक्षता नेमक्या वेळी पडतात. तसेच काहीसे हे. बाकीच्या वेळात लोक आपापल्या प्रार्थना पुटपुटत, पुढच्या काळात जपमाळ ओढत. इंग्रजीत जादूगाराच्या ‘होकस पोकस’ मंत्राविषयी अशी एक अटकळ सतराव्या शतकापासून सांगितली जाते, की ‘हे माझे शरीर आहे’ या अर्थाच्या लॅटिन वचनाचे ते विडंबन असावे. खरे-खोटे कोणी सिद्ध केलेले नाही. पण ही अटकळ लोकांना पटण्याजोगी वाटली, यातच काय ते आले.

मधल्या काळात दुसरी वाटही दिसली होती. नवव्या शतकात सिरिल आणि मेथोडियस या दोघा भावांनी स्लाव लोकांसाठी त्यांच्याच भाषेत उपासना बांधली, तिच्यासाठी लिपी घडवली. रोमने आधी मान्यता दिली, नंतर काढून घेतली. तरी क्रोएशियाच्या किनाऱ्यावर ती परंपरा तग धरून राहिली आणि १२४८ मध्ये पोप चौथे इनोसंट यांनी सेन्यच्या बिशपला तशी परवानगीही दिली. म्हणजे लॅटिनला अपवाद होते. फक्त ते अपवादच राहिले.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने जर्मन मिस्सा तयार केली (१५२६), हे आपण शाळेत शिकतो. मला त्याहून इंग्लंडमधली एक घटना अधिक बोलकी वाटते, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. १५४९ साली राजा सहाव्या एडवर्डच्या सरकारने हुकूम काढला, की पेंटेकॉस्टच्या रविवारपासून, म्हणजे ९ जूनपासून, देशभर नव्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकानेच उपासना व्हावी. लोकांच्या भाषेत देव आला, लोक आनंदले, असे घडायला हवे होते. डेव्हन परगण्यातल्या सॅम्पफर्ड कोर्टने या गावी दुसऱ्याच दिवशी गावकऱ्यांनी आपल्या पाद्रीबाबांना जुनी वस्त्रे चढवायला लावली आणि लॅटिन मिस्सा म्हणवून घेतली. तिथून बंड पेटले. शेजारच्या कॉर्नवॉलचे लोक आधीच उठले होते. बंडखोरांनी एक्सेटर शहराला महिनाभराहून अधिक काळ वेढा घातला. त्यांच्या मागण्यांत एक मुद्दा असा होता, की आमच्यापैकी कित्येकांना इंग्रजी येत नाही, तेव्हा ही नवी इंग्रजी आम्हाला नको. कॉर्नवॉलची भाषा कॉर्निश, ती इंग्रजीहून अगदी निराळी. सरकारपक्षाने उलट विचारले, की तुम्हाला लॅटिन तरी कुठे येत होती?

तर्काने पाहिले तर सरकारचा प्रश्न बिनतोड आहे. पण तो विचारणाऱ्याला एक गोष्ट उमगली नव्हती. लॅटिन कळत नव्हती, तरी ती त्या लोकांची झाली होती. तिच्यात त्यांचे बारसे झाले होते, तिच्यातच त्यांचे आईबाप पुरले गेले होते. आणि ती कोणा शेजाऱ्याची भाषा नव्हती. इंग्रजी मात्र लंडनची, राजाची, सारा वसूल करणाऱ्याची होती. बंड मोडून काढताना हजारो माणसे मारली गेली. कॉर्निशमध्ये प्रार्थनापुस्तक कधी निघाले नाही आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ती भाषा बोलीतून नाहीशी झाली. शेजारच्या वेल्सला १५६७ मध्ये वेल्श प्रार्थनापुस्तक आणि १५८८ मध्ये संपूर्ण वेल्श बायबल मिळाले. वेल्श आजही घराघरात बोलली जाते. यामागे हे एकच कारण असेल असे मी म्हणणार नाही, पण ते लहान कारण नव्हे.

ल्यूथरला उत्तर द्यायला जमलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १७ सप्टेंबर १५६२ रोजी या प्रश्नावर निर्णय दिला. तो शब्द मोजून लिहिलेला आहे. मिस्सा सर्वत्र लोकभाषेत करणे इष्ट वाटत नाही, असे परिषद म्हणते. लोकभाषा वाईट आहे असे म्हणत नाही. जो कोणी मिस्सा लोकभाषेतच झाली पाहिजे असा हट्ट धरील त्याचा ती धिक्कार करते. आणि लगोलग पुरोहितांना आज्ञा देते, की मिस्सा चालू असताना तिचा अर्थ लोकांना वरचेवर समजावून सांगा. १५७० मध्ये पोप पाचवे पायस यांचा मिस्साग्रंथ आला आणि थोडे फरक सोडता तोच चारशे वर्षे चालला. समजावून सांगण्याची आज्ञा मात्र पुढच्यांच्या लक्षात राहिली नाही. १६६१ मध्ये पोप सातवे अलेक्झांडर यांनी मिस्साग्रंथाच्या फ्रेंच भाषांतराचाच निषेध केला. श्रद्धाळू माणसाने पुस्तकात बोट ठेवून अर्थ वाचावा, तर तेही नको! ही बंदी १८९७ पर्यंत कागदावर होती. लॅटिनच्या बाजूचे पुष्कळ युक्तिवाद मला समजतात, हा मात्र कधीच पटलेला नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. ज्या १५४९ साली डेव्हनमध्ये बंड झाले, त्याच सुमारास इंग्लंडमध्येच, विल्टशायरमध्ये, थॉमस स्टीफन्सचा जन्म झाला. कॅथलिक राहायचे म्हणून त्याने देश सोडला, तो जेजुइट झाला आणि १५७९ मध्ये गोव्यात उतरला. तिथे मिस्सा अर्थातच लॅटिन. पण ट्रेंटने सांगितलेले ‘समजावून सांगणे’ या माणसाने असे काही मनावर घेतले, की ख्रिस्ताची सगळी कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत मराठीत रचली. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत. गोव्याच्या चर्चमधून रविवारी, सणावारी त्याचे वाचन होई. म्हणजे वेदीवर लॅटिन आणि कानावर ओवी. एकनाथांनी पैठणला जो वाद घातला, त्याच्याच जवळपासची ही धडपड, एका इंग्रजाने केलेली. आणि हाच गोवा १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या हुकमाने कोकणीवर बंदी आलेलाही पाहणार होता.

गोव्यात लॅटिनने आणखी एक गंमत केली. चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन, व्हायोलिन आणि लॅटिन गायन शिकवले जाई. त्यातून गावोगाव गाणारे, वाजवणारे तयार झाले. वाड्यावरच्या क्रुसासमोर किंवा घरात लदीन म्हणायचे, ही चाल त्यांनी जिवंत ठेवली. मरियामातेची एकेक उपाधी घेत केलेली ती आळवणी. एक जण व्हायोलिन धरतो, दोन-तीन आवाज वेगवेगळ्या पट्टीत लागतात आणि शेवटी चणे, खोबरे, थोडी फेणी. ही लॅटिन ऐकून रोमचा पंडित कपाळाला हात लावील, कारण उच्चारात कोकणीचे सगळे हेल आहेत. पण पुरोहिताशिवाय, पुस्तकाशिवाय, पिढ्यानपिढ्या पाठ केलेली ही लॅटिन. रोमने आपल्या घरची लॅटिन आवरती घेतली, तरी गोव्यातल्या कित्येक वाड्यांवर ती गायली जात राहिली.

रोमने ती आवरती घेतली ती १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. परिषद भरण्याआधी, फेब्रुवारी १९६२ मध्ये, पोप तेविसावे जॉन यांनी लॅटिनचा गौरव करणारे आणि पुरोहितांना ती नीट शिकवा असे बजावणारे पत्र काढले होते. परिषदेची भाषाही लॅटिनच. दोन हजारांवर बिशप जमले आणि पुष्कळांना एकमेकांची लॅटिन कळेना. जर्मनाचा उच्चार वेगळा, स्पॅनिशाचा वेगळा. बॉस्टनचे कार्डिनल कुशिंग यांनी तर भाषांतराची यंत्रणा बसवा, खर्च मी देतो, असे सांगितले. ते मान्य झाले नाही. पूर्वेकडील मेल्काइट चर्चचे प्रमुख मॅक्सिमॉस सेग हे सरळ फ्रेंचमध्ये बोलले. ख्रिस्त स्वतः लोकांच्या भाषेत बोलला, असे त्यांनी सांगितले. आमच्याकडे पूर्वेत उपासनेसाठी भाषा कधीच अडली नाही, हे सांगण्याचा त्यांना हक्कही होता. उलट बाजूने ३० ऑक्टोबरला कार्डिनल ओट्टाव्हियानी मिस्सेतील बदलांविरुद्ध इतके रंगून बोलले, की वेळ संपली तरी थांबेनात. अध्यक्षांनी ध्वनिक्षेपक बंद करवला आणि सभेने टाळ्या वाजवल्या. आकाशवाणीवर बोलणाऱ्या प्रत्येकाला ही धास्ती ओळखीची आहे.

४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज २१४७ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. तो नीट वाचावा. त्यात लॅटिन काढून टाका असे कुठेही नाही. लॅटिन जतन करावी, मात्र लोकभाषेला अधिक वाव देता येईल आणि किती ते त्या त्या प्रदेशातील बिशपांनी रोमच्या संमतीने ठरवावे, असे त्यात आहे. पण दार किलकिले केले की वारा कोणाला विचारून येत नाही. ७ मार्च १९६५ रोजी पोप सहावे पॉल यांनी स्वतः रोममधल्या एका चर्चमध्ये इटालियनमध्ये मिस्सा केली. नव्या विधीचा ग्रंथ १९६९ मध्ये आला. तो लागू होण्याच्या चार दिवस आधी, २६ नोव्हेंबरला, याच पोपनी लोकांसमोर जे भाषण केले ते मला फार प्रामाणिक वाटते. आपण अमोल असे काही गमावत आहोत, ग्रेगोरियन गायनाचा मोठा ठेवा दूर जाईल, याचे दुःख होणे रास्तच आहे, असे ते म्हणाले. पण लोकांना प्रार्थना समजणे, त्यांनी तिच्यात भाग घेणे, हे त्याहून मोलाचे. सुधारणा करणाऱ्याने किंमत उघड सांगावी, असे फार क्वचित घडते.

आपल्याकडे मराठी आणि कोकणी मिस्सा सुरू झाली. वसईत पोर्तुगीज १७३९ मध्ये गेले, लॅटिन मात्र आणखी सव्वादोनशे वर्षे राहिली होती. तिथल्या घरांतून सामवेदी किंवा वाडवळी बोलली जाते. चर्चमध्ये आली ती प्रमाण मराठी. कॉर्नवॉलसारखे बंड काही झाले नाही. उलट तिथल्या धर्मगुरूंनी या मराठीला आपलेसे केले. मराठी बायबल सिद्ध करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तरी ‘लोकभाषा’ म्हणजे नेमकी कोणाची, हा प्रश्न वसईच्या आजीबाईंना विचारून पाहावा.

युरोपात मात्र हळहळ मोठी होती. १९७१ मध्ये इंग्लंडमधल्या पन्नासहून अधिक लेखक-कलावंतांनी पोपकडे अर्ज केला, की जुनी मिस्सा हा साऱ्या जगाचा ठेवा आहे, ती पुसू नका. अर्जदारांत ॲगाथा ख्रिस्ती होत्या, व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन होते. दोघेही कॅथलिक नव्हेत! ५ नोव्हेंबर १९७१ रोजी इंग्लंड आणि वेल्सपुरती मर्यादित सवलत मिळाली. फ्रेंच आर्चबिशप लफेव्र यांचा विरोध अधिक कडवा. त्यांना भाषाच नव्हे, परिषदेची दिशाच अमान्य होती. १९८८ मध्ये त्यांनी रोमच्या परवानगीशिवाय चार बिशप नेमले आणि ते बहिष्कृत झाले. इथे एक घोळ टाळायला हवा. नवी मिस्सादेखील लॅटिनमध्ये करता येते. लोक ‘लॅटिन मिस्सा’ म्हणतात तेव्हा बहुधा १९६९ पूर्वीचा विधी त्यांच्या मनात असतो. भाषा ही त्या भांडणाची पताका झाली.

२००७ मध्ये बेनेडिक्ट यांनी हा जुना विधी पुष्कळ मोकळा केला. तरुणांनाही त्याची ओढ वाटते आहे, असे त्यांनी सोबतच्या पत्रात नमूद केले. चौदा वर्षांनी, १६ जुलै २०२१ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी तो पुन्हा आवळला. या सवलतीचा वापर फूट वाढवायला होतो आहे, असे त्यांचे कारण. त्या आदेशाने नव्याने पुरोहित झालेल्याला जुनी मिस्सा करायची तर बिशपकडे लेखी अर्ज करणे आणि बिशपने रोमला विचारणे भाग झाले. चारशे वर्षे जे सक्तीचे होते, त्याला आता परवाना लागू लागला.

आणि मराठीत किंवा इंग्रजीत मिस्सा ऐकणाऱ्याचीही लॅटिनपासून पुरती सुटका झालेली नाही. कारण मूळ प्रत अजून लॅटिनच आहे. बाकी सारी भाषांतरे. ‘प्रभू तुमच्याबरोबर असो’ असे पुरोहित म्हणतो, त्यावर लॅटिनमध्ये लोकांचे उत्तर ‘आणि तुझ्या आत्म्याबरोबर’ अशा अर्थाचे आहे. पहिल्या इंग्रजी भाषांतरकारांनी ते सुटसुटीत केले, ‘आणि तुमच्याबरोबरही’. २००१ मध्ये रोमने मूळ लॅटिनला काटेकोर धरून राहा असे बजावले. त्यानुसार सुधारलेला इंग्रजी ग्रंथ २०११ च्या अखेरीस अमेरिकेत आणि इतरत्र लागू झाला आणि तो ‘आत्मा’ परत आला. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी भाषांतराची अधिक जबाबदारी पुन्हा त्या त्या देशाच्या बिशपांकडे दिली. पण २०११ च्या त्या हिवाळ्यात बाकांवर नव्या उत्तरांची कार्डे ठेवावी लागली होती, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने लोकांच्या तोंडून जुनेच इंग्रजी उत्तर निसटत होते.